एकलहऱ्याची वाघीण

यंदाच्या अंकासाठी ‘ओझी वाहणारे’ हा विषय संपादकांनी कळवला. माथाडी, हमाल, डोंगरातली खेचरं, बंदरातल्या क्रेन यांवर कुणी ना कुणी लिहिणार, याची खात्री होती. माझ्या मनात आली ती मालगाडीची उघडी वाघीण. फाटकात अडकलेला माणूस तिच्याकडे पाहतो तो फक्त किती डबे गेले नि किती राहिले एवढं मोजण्यासाठी. तिला खिडकी नाही, रंगाची मिजास नाही, नावही नाही. आणि तरी आपल्या घरातला दिवा पेटतो तो बहुतेक वेळा तिच्या पाठीवरून आलेल्या कोळशावर.

नाशिकमध्ये तिला पाहायचं तर एकलहरे गाठावं लागतं.

ओढा: इथून गाडी वळते

मुंबईहून भुसावळकडे निघालं की नाशिकरोडनंतरचं स्टेशन ओढा. एक्स्प्रेस गाड्या इथे थांबत नाहीत. आजूबाजूला द्राक्षबागा आणि कांद्याची शेतं, आणि त्यांच्या डोक्यावर एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राची धुराडी नि शीतकरण मनोरे. वीज केंद्रात जाणारा कोळसा या ओढा स्टेशनावरून साइडिंगला वळतो.

ओढ्याच्या फलाटावर थोडा वेळ उभं राहिलं तरी मालगाडीची दोन कुळं ओळखता येतात. एक बंद डब्यांचं. खेरवाडी, लासलगावहून कांदा भरून निघतो तो यात. दुसरं उघड्या डब्यांचं, म्हणजे कोळशाचं. बंद डबा दारं लावून काय नेतो ते कळू देत नाही. उघड्या डब्यातला काळा ढीग वर आलेला दिसतो, आणि रिकामी गाडी परतताना तिच्या पत्र्यांचा खडखडाट लांबून ऐकू येतो. रेल्वेतली माणसं भरलेल्या गाडीला ‘लोड’ म्हणतात, रिकाम्या गाडीला ‘एम्टी’. ही दोन रूपं एकाच रुळावर आळीपाळीने बघायला मिळणं हे ओढ्याचं वैशिष्ट्य.

कोळसा प्रामुख्याने विदर्भातून येतो. चंद्रपूर, वणी, घुग्घुस, उमरेड या खाणपट्ट्यांतून निघालेली गाडी बडनेरा, भुसावळ, मनमाड करत साडेसहाशे ते सातशे किलोमीटर चालते. छत्तीसगडच्या खाणींतली गाडी त्याहून लांबून येते.

एकलहऱ्याचे पहिले दोन लहान संच १९७० च्या सुमारास सुरू झाले. ते आता बंद होऊन दशक उलटलं. १९७९ ते १९८१ या काळात आलेले २१० मेगावॉटचे तीन संच मागे राहिले, एकूण ६३० मेगावॉट. या तिघांची भूक किती ते हिशेबाने कळतं. एक युनिट वीज करायला आपल्याकडचा, राखेचं प्रमाण जास्त असलेला कोळसा ढोबळमानाने ७०० ग्रॅम लागतो. २१० मेगावॉटचा संच दिवसभर पूर्ण क्षमतेने चालला तर पन्नास लाख युनिटं होतात. म्हणजे साडेतीन हजार टन कोळसा. आणि ५८ वाघिणींच्या एका रेकमध्ये कोळसा मावतो तोही जवळपास तेवढाच. एका संचाला रोज एक अख्खी मालगाडी! तिन्ही संच जोरात असले की रोज तीन. म्हणून एकलहऱ्यात कोळशाचा साठा टनांत सांगण्यापेक्षा दिवसांत सांगतात: इतक्या दिवसांचा आहे.

डबा आखूड का झाला

आज जी वाघीण दिसते तिचं घराणं ‘बॉक्सएन’. नावातला शेवटचा ‘एन’ हवेच्या ब्रेकचा. तिच्या आधी साठच्या दशकापासून ‘बॉक्स’ होती, निर्वात ब्रेकची. जुनी बॉक्स लांबीला तेरा मीटरच्या पुढे, आणि तिच्यात मावायचे पंचावन्न-छप्पन टन. ऐंशीच्या दशकात आलेली बॉक्सएन कपलरपासून कपलरपर्यंत फक्त १०.७१३ मीटर, आणि तिच्यात मावतात ५८.८ टन. डबा तीन मीटरने आखूड झाला आणि ओझं वाढलं.

असं का, याचं उत्तर डब्यात शोधून सापडत नाही. ते स्टेशनात आहे. मागून येणाऱ्या एक्स्प्रेसला वाट द्यायला मालगाडी बाजूच्या लूप लाइनवर उभी करतात. या लूपची आपल्याकडची प्रमाण लांबी ६८६ मीटर. गाडी त्याहून लांब झाली तर तिचं शेपूट मुख्य मार्गावर राहील आणि सगळी वाहतूक खोळंबेल. देशभरातल्या हजारो स्टेशनांचे लूप वाढवणं परवडणारं नव्हतं. मग अभियंत्यांनी डबा आखूड नि उंच केला. ५८ बॉक्सएन म्हणजे ६२१ मीटर. पुढे इंजिनं, मागे ब्रेकव्हॅन, तरी गाडी लूपमध्ये बसते. रुळाच्या दर मीटरवर जुनी बॉक्स सहा टनांच्या आत भार टाकायची, बॉक्सएन साडेसात टनांच्या वर टाकते. रूळ, स्लीपर, पूल सगळ्यांना त्याची तयारी करावी लागली. ओढ्याच्या लूपवर उभी असलेली गाडी पाहताना हे माहीत असलं की तिचा आखूड, उंच आकार एकदम पटतो.

नव्या पिढीची बॉक्सएनएचएल स्टेनलेस स्टीलची आहे. रिकामी विसेक टन, माल सत्तर टनांपर्यंत. स्टेनलेस वापरण्याचं कारणही कोळशातच आहे. ओला कोळसा तळाशी साचून राहतो, त्यातलं गंधक पाण्यात मिसळून साध्या पोलादाचा पत्रा खातं. जुन्या वाघिणींचे तळ आणि बाजूंचे खालचे पट्टे याच रोगाने गेले.

उलटणारा डबा

वीज केंद्रात वाघीण आली की तिचा ताबा सीएचपीकडे जातो. सीएचपी म्हणजे कोळसा हाताळणी विभाग. इथलं मुख्य यंत्र वॅगन टिपलर. रुळाचा एक तुकडा डब्यासकट पोलादी सांगाड्यात धरायचा आणि सांगाडाच फिरवायचा. डबा कुशीवर होतो, मग जवळजवळ पालथा, आणि साठ टन कोळसा खालच्या हॉपरमध्ये कोसळतो. आवाज पायांतून जाणवतो. पाण्याचे फवारे चालू असूनही धुळीचा लोट उठतो. सांगाडा परत सरळ होतो, रिकामा डबा पुढे ढकलला जातो, भरलेला आत येतो.

अमेरिकेत कोळशाच्या अनेक गाड्यांना गोल फिरणारे कपलर असतात. तिथे गाडी न तोडता एकेक डबा जागच्या जागी उलटवता येतो. आपल्या बॉक्सएनला ती सोय नाही. प्रत्येक डबा आधी सोडवावा लागतो, ब्रेकचा होज पाइप वेगळा करावा लागतो, मग टिपलरवर न्यावा लागतो, आणि रिकामे डबे पुन्हा जोडून गाडी उभी करावी लागते. हे एका गाडीत अठ्ठावन्न वेळा. दोन डब्यांच्या मध्ये वाकून उभा राहणारा माणूस या व्यवस्थेचा कणा आहे, आणि विजेच्या कुठल्याही अहवालात तो दिसत नाही. वर घड्याळ चालू असतंच. रेल्वेने दिलेल्या तासांत गाडी रिकामी झाली नाही तर डेमरेज, म्हणजे उशिराचा आकार, लागतो.

सीएचपीतली जुनी माणसं पावसाळ्याचं नाव काढलं की मान हलवतात. वाटेत सातशे किलोमीटर उघड्यावर भिजलेला कोळसा गाळासारखा होतो. डबा पालथा केला तरी तळाचा थर सुटत नाही. खाली हॉपरवरच्या जाळीत तो अडकतो. मग पहारी घेऊन माणसं उतरतात, मोठ्या ढेकळांवर पोकलेन चालतं. कोळशाबरोबर येणारे दगड वेगळेच. नाशिकच्या पावसात एखाद्या संचाचं उत्पादन खाली येतं तेव्हा कारण पुष्कळदा बॉयलरच्या बरंच अलीकडे, या जाळीपाशी असतं.

काही वीज केंद्रांनी यावर दुसरा मार्ग धरला. एनटीपीसीच्या मोठ्या केंद्रांत ‘बीओबीआर’ जातीच्या वाघिणी फिरतात. त्यांचा तळ उतरता असतो आणि हवेच्या दाबाने खालची दारं उघडतात. गाडी सावकाश चालत राहते आणि कोळसा खाली पडत राहतो. तिथे डबा सोडणं, जोडणं नाही. खाण आणि वीज केंद्र जवळ असलं, त्याच गाड्या गोल फिरत राहिल्या, तर ही पद्धत शोभते. शेकडो किलोमीटरवरून येणारी वाघीण मात्र परतताना दुसरा मालही उचलू शकली पाहिजे. त्या कामाला साधी उघडी बॉक्सएनच बरी.

१२३ मिलिमीटरची बॉक्सएन

आता छोट्या वाघिणीकडे, म्हणजे तिच्या प्रतिकृतीकडे वळू. रेल्वेच्या प्रतिकृती करणाऱ्या छंदिष्टांत जगभर सर्वाधिक चालतं ते ‘एचओ’ प्रमाण, म्हणजे १:८७. या मापात बॉक्सएन १२३ मिलिमीटर लांब, ३७ मिलिमीटर उंच आणि जवळपास तेवढीच रुंद होते. एक मीटर व्यासाचं चाक साडेअकरा मिलिमीटरचं. दोन मीटर अंतरावरची बोगीची दोन चाकं २३ मिलिमीटरवर येतात. तळहातावर मावणारी वस्तू, पण अख्खा ५८ डब्यांचा रेक करायचा तर भिंतीलगत सात मीटरहून जास्त जागा हवी. साध्या फ्लॅटमध्ये ती मिळत नाही. म्हणून बहुतेकांची कोळशाची गाडी आठ-दहा डब्यांवर थांबते.

पहिली अडचण रुळांची. एचओचे तयार रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे येतात, कारण ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजवर बेतलेले आहेत. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. १:८७ मध्ये तो सव्वाएकोणीस होतो. म्हणजे बाजारातले रूळ घेतले तर भारतीय वाघीण अरुंद रुळांवर उभी राहते, समोरून पाहिल्यावर चाकं पोटाखाली ओढल्यासारखी दिसतात. स्वतः सव्वाएकोणीस मिलिमीटरचे रूळ, सांधे, चाकांचे आस करणं हे महिनोन् महिन्यांचं काम. बहुतेक जण बाजूने पाहण्यातलं सुख मान्य करून १६.५ वर चालवतात. मला तो व्यवहार रास्त वाटतो. पण काचेच्या पेटीत ठेवायची, नोंद म्हणून करायची प्रतिकृती असेल, तर तिच्याखाली खरं गेजच हवं.

काम सुरू होतं ते कागदावरच्या आराखड्याने. मग स्टायरीनचा पातळ पत्रा, नाही मिळाला तर जाड कार्डशीट. बाजूचे पत्रे कापून त्यांवर उभ्या पट्ट्या चिकटवायच्या. वाघिणीच्या अंगावर उभ्या कण्यांसारख्या दिसतात त्या या पट्ट्या. खालच्या कडेला दारं. वर कडेने फिरणारी जाड पट्टी. ती सरळ आणि चौकोनी बसली की पाहणाऱ्याला समाधान वाटतं, आणि प्रतिकृती तिथेच खोटी पडते. कारण खरी बॉक्सएन अशी सरळ नसते. भरताना लोडरची बादली कडेवर आपटते. टिपलरचे पंजे हीच वरची पट्टी दाबून धरतात. आतल्या कोळशाच्या रेट्याने दोन पट्ट्यांमधला पत्रा बाहेर फुगतो. ओढ्याला उभ्या असलेल्या गाडीकडे उन्हाच्या तिरप्या प्रकाशात पाहा, प्रत्येक चौकटीत सावली वेगळी पडलेली दिसेल. म्हणून जाणता कारागीर पत्रा चिकटवण्याआधी चमच्याच्या पाठीने आतून दाबून घेतो, आणि वरची पट्टी जोडून झाली की पक्कडीने एक-दोन ठिकाणी मुद्दाम वाकवतो. टिपलर पाहिलेला माणूस ती बरोबर जागी वाकवतो.

रंगाचंही तसंच. गेरूसारखा तांबूस रंग हा फक्त पाया. त्यावर तळाशी गंज, बाहेरच्या पट्ट्यांवर ओघळ, चाकांवर ब्रेकची तपकिरी धूळ, आणि आतून जवळपास काळं. कोळशासाठी रंगवलेली वाळू वापरतात, पण खरा कोळसाच उत्तम. लोहाराच्या भात्याजवळचा दगडी कोळसा मूठभर मागून आणायचा, खलबत्त्यात कुटायचा, चहाच्या गाळणीने भुकटी काढून टाकायची. खऱ्या गाडीतलं दहा सेंटीमीटरचं ढेकूळ या मापात मिलिमीटरभराचं होतं, जाड रव्याएवढं. पातळ केलेल्या फेविकॉलचे थेंब सोडून ते बसवायचं. ढीग मधोमध एकच उंचवटा करून घालायचा नाही. लोडरची बादली दोन-तीनदा रिकामी होते, तेव्हा दोन-तीन उंचवटे हवेत.

अकरा आकडे

शेवटचं काम लिखाणाचं, आणि बहुतेक प्रतिकृती इथे उघड्या पडतात. खऱ्या वाघिणीवर अकरा आकडी क्रमांक असतो. पहिले दोन आकडे प्रकाराचे, पुढचे दोन मालकी असलेल्या रेल्वेचे (मध्य रेल्वे ०१), नंतरचे दोन बांधणीच्या वर्षाचे, पुढचे चार त्या डब्याचे स्वतःचे. अकरावा आकडा पडताळ्याचा. तो मनाने घालता येत नाही.

समजा, पहिले दहा आकडे २२ ०१ ९८ १२३४ असे आहेत. डावीकडून दुसरा, चौथा, सहावा, आठवा, दहावा घ्या: २, १, ८, २, ४. बेरीज १७, तिची तिप्पट ५१. उरलेले पाच २, ०, ९, १, ३. बेरीज १५. दोन्ही मिळून ६६. पुढचा दहाचा पट ७०, फरक ४. म्हणून अकरावा आकडा ४. यार्डात क्रमांक टिपताना एक आकडा चुकला तरी संगणकाला चूक कळते. पाचवी-सहावीतल्या मुलाला फाटकात उभं असताना हा खेळ शिकवून बघा. गाडी किती लांब आहे याची तक्रार तो करणार नाही.

याशिवाय रिकामं वजन, क्षमता, शेवटची मोठी दुरुस्ती कुठल्या कारखान्यात कधी झाली, पुन्हा कधी यायचं, हे सगळं स्टेन्सिलने लिहिलेलं असतं. वाघीण स्वतःचा दाखला अंगावर घेऊन फिरते. १:८७ मध्ये ही अक्षरं मिलिमीटरच्या आसपास येतात. तरी लिहावीत. ती वाचता येणारी प्रतिकृती आणि नुसता तांबडा खोका यांत फार अंतर आहे.

वरोऱ्यापासून ठाकुर्लीपर्यंत

महाराष्ट्रातल्या कोळशाच्या वाघिणीची गोष्ट एकलहऱ्याहून शंभर वर्षं जुनी आहे. जी.आय.पी. रेल्वेने सुरुवातीला कोळसा विलायतेहून जहाजाने आणला. तो महाग पडायचा. मग १८७० च्या दशकात चांदा जिल्ह्यात वरोऱ्याला सरकारी खाण चालू झाली आणि तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वेचा फाटा टाकला. त्याचं नावच ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’. आज वरोरा म्हटलं की आनंदवन आठवतं. तिथली खाण १९०६ साली बंद झाली. बल्लारपूरच्या खाणी पुढे आल्या, आणि तो फाटा आज दक्षिणेकडे जाणाऱ्या मुख्य मार्गाचा भाग आहे.

त्या काळची वाघीण चार चाकांची. भुसावळसारख्या मोठ्या इंजिनशेडमध्ये ती रिकामी व्हायची माणसांच्या फावड्यांनी आणि पाट्यांनी. पुढे १९२९ साली जी.आय.पी.ने आपल्या विजेच्या गाड्यांसाठी ठाकुर्लीला चोळ्याचं वीजघर बांधलं. कोळशाची गाडी वीजघरात जाऊन रिती होते आणि त्या विजेवर दुसरी गाडी धावते, हे चक्र महाराष्ट्रात तिथे सुरू झालं. एकलहरे त्याच वंशातलं.

आणि या चारचाकी वाघिणींपैकी, बॉक्सपैकी, किती उरल्या? इंजिनं जपली गेली. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात राजेरजवाड्यांचे सलून आहेत, देखणी वाफेची इंजिनं आहेत. ते योग्यच आहे. पुण्यात भाऊ जोशी यांनी उभं केलेलं आणि १९९८ पासून लोकांसाठी खुलं असलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय दोन पिढ्यांतल्या मुलांनी डोळे विस्फारून पाहिलं. पण कोळशाच्या डब्याला सलूनचा मान कुठेच नाही. तो तीस-पस्तीस वर्षं राबतो आणि भंगारात वजनावर विकला जातो. ऐंशीच्या दशकातल्या पहिल्या बॉक्सएन या मार्गाने केव्हाच गेल्या.

इंग्लंडात असं झालं नाही. तिथे ब्रिटिश रेल्वेची १६ टनी कोळशाची वाघीण दोन लाखांहून अधिक संख्येने होती, अगदी सामान्य. एअरफिक्सने तिचा प्लास्टिकचा जोडणी-संच काढला, पुढे ते साचे दापोल कंपनीकडे गेले, आणि शाळकरी मुलांनी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर चिकटवली. त्या मुलांतून पुढे खऱ्या वाघिणी विकत घेऊन दुरुस्त करणारी मंडळी निघाली. ज्या वस्तूची प्रतिकृती घराघरांत असते, ती वस्तू भंगारात जाताना कुणीतरी हात आडवा घालतं. आपल्याकडे बाजारात भारतीय मालडबे तुरळक मिळतात. जे आहेत ते हौशी लोकांनी हाताने किंवा थ्रीडी प्रिंटरवर केलेले.

नाशिकला हे जमेल

एकलहऱ्याचे तिन्ही संच चाळिशी ओलांडून गेले आहेत. त्यांच्या जागी ६६० मेगावॉटचा नवा संच यावा म्हणून इथली मंडळी कित्येक वर्षं मागणी करत आहेत. तो येईल तेव्हा येवो. जुने संच थांबतील त्या दिवशी टिपलर, हॉपरची जाळी, साइडिंगचे जुने सांधे यांचाही लिलाव होईल, आणि हे सगळं कसं चालायचं ते सांगणारी माणसं तोवर पांगलेली असतील.

नाशिकरोडला रेल्वेचा कर्षण मशीन कारखाना आहे. रेल्वेच्या विद्युत अभियंत्यांना शिकवणारी संस्था आहे. शहरात अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, थ्रीडी प्रिंटर आहेत, हातात कसब असलेली मुलं आहेत. एका बॉक्सएनचं आणि टिपलरचं बारकाईने मोजमाप घेऊन, खऱ्या गेजवर, १:८७ चं चालतं मॉडेल करणं हा एका वर्षाचा विद्यार्थी-प्रकल्प आहे. त्यासाठी वीज केंद्र चालवणाऱ्या महानिर्मिती कंपनीने आणि मध्य रेल्वेने मोजमापाची परवानगी द्यावी, आणि निवृत्तीला आलेली एक साध्या पोलादाची बॉक्सएन भंगारात न घालता एकलहऱ्यात चौथऱ्यावर उभी करावी. तिला रंगरंगोटी करू नये, वाकलेली कड तशीच ठेवावी.

आणि वाचकहो, तुमच्या घरात कुणी रेल्वेत किंवा वीज मंडळात होतं का, ते आठवा. ओढा, मनमाड, भुसावळच्या यार्डातला एखादा जुना फोटो, चारचाकी वाघिणीसमोर उभे असलेले आजोबा, सीएचपीतली पाळीची वही, असं काही पेटीत असेल तर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घालू नका. मागच्या बाजूला गाव नि साल लिहून ठेवा, आणि फोटोतल्या वाघिणीवरचा क्रमांक वाचता येत असेल तर तोही.